आल्तिनोवरून वही घेऊन उतरणाऱ्या मुलांना

गोव्यात वास्तुकला शिकणाऱ्या सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, हवा जरा कोरडी पडली, की तुम्ही पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या कॉलेजातून उतरण उतरून फोंतेन्हासच्या जुन्या वस्तीत येता. खांद्याला पिशवी, हातात मोठी वही, पेन्सिलीची पेटी. सेंट सेबेस्तियन कपेलच्या समोर, रुआ दे नातालच्या कोपऱ्यावर, कुठे सावली मिळेल तिथे बसता आणि समोरचे घर कागदावर उतरवता. मी शेजारच्याच मळा नावाच्या वाड्यात राहते. बाजाराला जाता-येता तुमच्या मागे उभी राहून मी पुष्कळदा वहीत डोकावले आहे. तुमचा हात चांगला आहे. बाल्कनीच्या लोखंडी कठड्याची वेलबुट्टी, खिडकीवरची कमान, दाराशेजारची निळी-पांढरी आझुलेज टाइल, सगळे तुम्ही मन लावून काढता.

पण इतक्या वर्षांत प्रत्येक वहीत मला घराची तीच बाजू दिसली. रस्त्याकडची. घराच्या मागे काय आहे, वर काय आहे, आत काय आहे, हे काढणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझे वडील सुतार होते. सांव तोमे, फोंतेन्हास, मळा या तिन्ही वाड्यांतल्या कितीतरी छपरांची शाकारणी त्यांनी केली. त्यांनी ही वस्ती वरून पाहिली होती. एखाद्या घराचा रंग विचारला तर त्यांना आठवत नसे, पण त्याच्या छपराला किती पाखे आहेत, आढे कोणत्या लाकडाचे आहे, कोणता वासा बदलला आणि कोणता तसाच ठेवला, हे ते जेवता जेवता सांगत. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जाई. शिडीच्या पाचव्या पायरीपर्यंत चढायची मला मुभा होती. तिथून पोटमाळ्यात डोके घालून मी जे पाहिले, तेच माझे फोंतेन्हास आहे.

ते तुम्हाला दाखवायचे आहे.

कौले उतरवली की घर आपला जमाखर्च मांडून बसते. आपल्याकडची जुनी छपरे नळ्याच्या कौलांची. मंगळुरी कौले आली ती नंतर. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू ही चपटी, लालबुंद कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. मंगळुरी कौलाला मागच्या बाजूने खोबण असते, ती रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीवर, अडकते. त्यामुळे दोन रिपांमधले अंतर ठरलेले असावे लागते. नळ्याच्या कौलांना एवढी शिस्त लागत नसे. म्हणून जुन्या घराचे वासे नीट पाहिलेत तर त्यांच्यावर खिळ्यांची दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची भोके दिसतात. पहिल्या रिपा कुठे होत्या, नंतर कुठे सरकल्या, मध्ये कधी कोणी घाईने ठोकाठोक केली, सगळे त्या वाशावर उमटलेले असते. वडील त्या भोकांवरून बोट फिरवीत आणि सांगत, "हे माझ्या उस्तादाच्या हातचे." घराचे वय कोणत्याही कागदावर मिळाले नाही तरी तिथे मिळते. ते कोणी मोजून ठेवले आहे का?

तुळईचे पाहा. खोलीच्या मधोमध ती भक्कम दिसते. पण ती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत जिथे शिरते, ते हातभर टोक आधी कुजते, कारण भिंतीतली ओल तिथे कोंडते. वडील खालून तुळईवर हातोडीची मूठ आपटत भिंतीपर्यंत जात आणि आवाज बदलला की थांबत. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो पाऊस छपरावरून उतरून कुठे जातो, पन्हळ कुठे आहे, पागोळ्या दाराच्या किती पुढे पडतात, वळचण किती बाहेर आली आहे, यावर घराचे आयुष्य ठरते. समोरून काढलेल्या चित्रात यातले काहीच येत नाही. सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढला तर येते. तुम्हाला सेक्शन शिकवतात, हे मला ठाऊक आहे. मग तो आमच्या घरांचा का निघत नाही?

भिंतींचेही तसेच. आपला चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढला तेव्हा मऊ, हवा लागली की कठीण, पण पाणी पिण्याची त्याची सवय जात नाही. जुने गवंडी चिऱ्यावर चुन्याचा गिलावा करीत. कळीचा किंवा शिंपल्यांचा चुना विझवायचा, दिवसच्या दिवस मुरवायचा, मग मळायचा. चुना पावसाळ्यात ओल घेतो आणि नंतर उन्हात सोडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. रंगसुद्धा चुन्यातच मिसळलेला असे. नीळ, गेरू, पिवडी, हिरमुजी. पावसाळा संपला की दरवर्षी घराला रंग काढावाच लागे, असा पोर्तुगीज अमलात दंडक होता, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. आज तुम्ही ज्या रंगांचे फोटो काढता ते त्या दंडकातून आले आहेत. पण त्या वार्षिक रंगाचे खरे काम देखणेपणाचे नव्हते. चुन्याचा नवा थर दरवर्षी भिंतीवर चढे, बारीक भेगा बुजत आणि त्या निमित्ताने घरमालक वर्षातून एकदा आपल्या भिंतीवरून हात फिरवी. आता ॲक्रिलिक रंग आठ-दहा वर्षे टिकतो म्हणतात. म्हणजे आठ-दहा वर्षे त्या भिंतीला कोणी हात लावत नाही.

आमच्याच घरचे सांगते. वडील गेल्यानंतर मागच्या भिंतीचा गिलावा सुटला. आम्ही एका ठेकेदाराला बोलावले. त्याने सिमेंट लावून भिंत आरशासारखी गुळगुळीत करून दिली आणि आम्ही खूष झालो. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या आतल्या बाजूने लोणा फुटला. देवखोलीच्या कोनाड्यात पांढरी भुकटी जमू लागली. चिऱ्यात शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट बंद झाली होती, त्याने आतली वाट धरली. पुढे तीच ओल तुळईच्या टोकापर्यंत पोचली. आम्ही ते सिमेंट छिन्नीने सोलून काढले तेव्हा त्याबरोबर चिऱ्याचा तळहाताएवढा थरही निघून आला. त्या दिवशी वडील नाहीत याची मला जितकी खंत वाटली, तितकी त्यांच्या वर्षश्राद्धालाही वाटली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काही कळले नाही. पुढची भिंत तशीच पिवळी होती, तिच्यापुढे लोक उभे राहून फोटो काढत होते.

आता मळ्याबद्दल. फोंतेन्हास म्हणजे छोटे झरे. डोंगराच्या पायथ्याला मळ्यात जो फोंते फेनिक्स झरा आहे, त्याच्यावरून हे नाव पडले. म्हणजे या वस्तीला नाव मिळाले तेच मुळी मागच्या बाजूने, डोंगरातून पाझरणाऱ्या पाण्यामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बाग होती. मोझांबिकात पैसा मिळवून आलेल्या आंतोनियु झुवांव दि सिकेरा याने ती वसवायला घेतली. लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. पुढे जुने गोवे ओस पडत गेले, पणजी वाढत गेली. १८२७ ते १८३५ या काळात कारभार पाहणाऱ्या दों मानुएल दि पोर्तुगाल इ काश्त्रु याने दलदल बुजवून, रस्ते आखून शहराला आकार दिला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. एवढे तुम्हाला पुस्तकात मिळेल.

पुस्तकात जे कमी मिळते ते हे, की डोंगर आणि ओरेम खाडी यांच्यामध्ये ही वस्ती दाबून बसवलेली आहे. वरून डोंगराचे पाणी येते, खालून भरतीचे. मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकाला एक लागून घरे. दोन घरांची भिंत एकच. डोंगराकडच्या घरांच्या मागच्या भिंतीला तर जमीनच टेकलेली आहे, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी जुन्या लोकांनी एक गटार ठेवले आहे, उघडे, चिऱ्यांत बांधलेले, घराघरांच्या मागून खाडीकडे जाणारे. कुठे ते एका घराच्या परसातून जाते, कुठे न्हाणीच्या पायरीखालून. कित्येक ठिकाणी ते आता बुजले आहे, कित्येक ठिकाणी त्यावर बाथरूम आले आहे. पावसाळ्यात मळ्यात पाणी तुंबले की आपण आभाळाकडे पाहतो. ते गटार कुठून कुठे जाते याचा एक संपूर्ण नकाशा काढून मिळाला, तर मी तो देवघरात लावीन. पाच-सहा जणांनी एक महिना दिला तर होण्यासारखे काम आहे.

मागच्या भिंतींबद्दल आणखी एक. पणजी बांधताना जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचे दगड आणले गेले. आपल्या पणजीच्या चर्चची मोठी घंटादेखील तिथल्या आगुस्तिनियन मठातली, १८७१ मध्ये इथे चढवलेली. घंटा सगळ्यांना दिसते. पण वडिलांनी एका घराच्या मागे, विहिरीच्या काठाला लागून असलेल्या भिंतीत, एक कोरीव दगड मला दाखवला होता. पानाफुलांची नक्षी, आणि दगड उलटा बसवलेला. बांधणाऱ्याला नक्षीशी कर्तव्य नव्हते, चौकोनी दगड मिळाल्याशी होते. दर्शनी बाजूला लावण्याजोगी ती वस्तू परसात, शेवाळाखाली राहिली. असे आणखी किती दगड कुठे आहेत, हे रस्त्यावर बसून कळणार नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मळा म्हणजे मारुतीगडाच्या पायऱ्या आणि जत्रेची फेरी एवढेच माहीत असते. लॅटिन क्वार्टर, म्हणजे फोंतेन्हासची ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, म्हटले की पर्यटकांचे पाय मळ्याच्या अलीकडेच थांबतात आणि तुमच्या वह्याही तिथेच मिटतात. मला हे लागते, लपवत नाही. हीच छपरे, हाच चिरा, तेच सुतार आणि तेच गवंडी. फोंतेन्हासच्या बाल्कनीचा कठडा ज्याने बसवला, त्यानेच आमच्या शेजाऱ्यांच्या माजघराचा दरवाजा घडवला. फरक एवढाच, की हिंदू घराने आपली शोभा रस्त्याला दाखवली नाही. पणजीच्या जुन्या सचिवालयामागचे म्हामाई कामतांचे घर घ्या. बाहेरून लांबच लांब, शांत भिंत. अनंत चतुर्दशीला अनंताच्या दर्शनाला आत गेलात की राजांगण, म्हणजे घराच्या पोटातला चौक, लागतो, आणि घराचे खरे तोंड आत आहे हे तेव्हा कळते. त्याच घराण्याची व्यापाराची जुनी दप्तरे पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत अभ्यासकांसाठी ठेवली आहेत. कागद जपले गेले, हे मोठेच काम झाले. ज्या शहरात उघड्यावर देऊळ बांधण्याची मुभा एकोणिसाव्या शतकापर्यंत मिळत नव्हती, तिथे लोकांनी देव, तुळस, पाहुणे, लग्नकार्य सगळे घराच्या पोटात घेतले. असे घर समोरून काढायला बसलात तर तुमच्या कागदावर चार खिडक्या आणि एक दार येईल. ती घरे तुमच्या वहीत नसण्याचे कारण मला हेच वाटते.

आणि हे फक्त पणजीचे नाही. डिचोलीच्या, साखळीच्या, पेडण्याच्या जुन्या बाजारातली घरे, पुढे दुकान, मागे वसरी, मध्ये चौक, त्यामागे परसू आणि विहीर, त्यांच्याकडे तर वही घेऊन कोणी फिरकतही नाही. तुमच्यातली निम्मी मुले त्याच गावांतून येत असतील. तोर्ड्याच्या 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालयात जाऊन या, गोव्याच्या घराकडे किती बाजूंनी पाहता येते ते तिथे दिसते. मग आपल्या आजीच्या घरी जा आणि टेप काढा.

खिडकीचेही सांगायचे राहिले. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी तुम्ही सगळे बाहेरून काढता, चौकोनांची जाळी म्हणून. काच दुर्मीळ होती तेव्हा हे चपटे शिंपले घासून, कापून लाकडी चौकटीत बसवत. ते शिंपले चिखलीच्या उपसागरात आजही जिवंत आहेत. पण ती खिडकी बाहेरून पाहण्यासाठी केलेलीच नाही. दुपारी तीनला आतल्या खोलीत बसून पाहा. रस्त्यावर डोळे दिपवणारे ऊन असते आणि आत दुधासारखा उजेड उतरतो, त्यात सुईत दोरा ओवता येतो. तो उजेड कागदावर कसा आणायचा ते मला सांगता येणार नाही, ते तुमचे शिक्षण आहे. पण त्यासाठी आधी दार वाजवून आत जावे लागेल. कपेलात तुम्ही जाताच ना? इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला, उघड्या डोळ्यांच्या ख्रिस्ताचा क्रूस पाहायला? तसेच घरातही या.

दार वाजवाल तेव्हा एक लक्षात ठेवा. इथले लोक कंटाळले आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारे पायऱ्या अडवतात, कुंड्या सरकवतात, खिडकीतून आत कॅमेरा घालतात. कित्येकांनी दारावर पाट्या लावल्या आहेत. तुम्हालाही पहिल्या दिवशी कोणी आत घेणार नाही. दुसऱ्या दिवशी जा. वही दाखवा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारा, की पाऊस कुठून आत येतो. या एका प्रश्नावर आमच्याकडे कोणीही अर्धा तास बोलेल आणि मग चहा येईल.

आत गेल्यावर तुम्हाला दिसेल की ही घरे पाण्यानेच तेवढी पडत नाहीत. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालची जुनी भाडी इतकी थोडी आहेत, की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू पैसा घालत नाही. दुसरीकडे, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या वारसा कायद्यात सगळ्या मुलांचा, मुलींचासुद्धा, हक्क आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, मी स्वतः त्यामुळे माहेरच्या घराची वाटेकरी आहे. पण तीन पिढ्यांनी त्याच घराला तीस वारस होतात, कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला, आणि एका आढ्याच्या बदलासाठी तीस सह्या कोण गोळा करणार? यावर तुमच्याकडे उत्तर मागत नाही. घर काढताना घराचे हेही माप घ्या, एवढेच म्हणते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पलीकडच्या गल्लीत एक घर जुलैतल्या एका रात्री बसले. कोणी दगावले नाही, आत कोणी राहत नव्हते. आधी मागचा पाखा आत आला, मग जिना. पुढची भिंत मात्र महिनाभर उभी होती. नंतर तिथे नवे बांधायचे ठरले तेव्हा जुने घर जसेच्या तसे उभारू, अशी भाषा झाली. फोटो शोधले तर पुढच्या भिंतीचे शेकड्यांनी निघाले. लोकांच्या फोनमध्ये, कॅलेंडरांवर, जुन्या वह्यांत. जिना कुठे वळत होता, स्वयंपाकघरातून विहिरीवर कसे जात, पोटमाळ्याची उंची किती होती, हे कोणाकडेच नव्हते. वडिलांना माहीत होते, पण त्यांनी कधी कागदावर काढले नाही. त्यांच्या हातात कागद कोणी दिलाच नव्हता. आज तिथे काँक्रीटच्या चौकटीला जुन्यासारखी पुढची भिंत लावलेली आहे. बाल्कनीसुद्धा आहे. त्या बाल्कनीत उघडणारे दार नाही.

त्या घरासमोरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

तर माझी मागणी अशी. कॅलेंडरवर न आलेले एक घर निवडा आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा. मे महिन्यात कौले निघतात तेव्हा छपराचा सांगाडा मोजा, प्रत्येक सांधा काढा, लाकूड कोणते ते विचारून लिहा. जुलैत पाऊस कोसळत असताना पुन्हा जा आणि पाणी कुठून कुठे जाते ते काढा. त्या त्या भागाला घरातले लोक काय म्हणतात ते शब्दही लिहून ठेवा. माझ्या वडिलांच्या तोंडचे निम्मे शब्द आता मलाच आठवत नाहीत. आणि काम पुरे झाले की नकाशाची एक प्रत त्या घरात द्या. कॉन्झर्व्हेशन झोनमधल्या, म्हणजे जुनी वस्ती जपण्यासाठी राखलेल्या भागातल्या, घराच्या दुरुस्तीची परवानगी मागायची तर नकाशा लागतो, आणि तो करून घेण्याचा खर्च ऐकूनच पुष्कळ जण दुरुस्तीचा नाद सोडतात. तुमच्यासाठी तो अभ्यास आहे, त्या घराला पुढच्या पन्नास वर्षांचा आधार. तुमच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे, की या कामाला गुण द्या, सत्राच्या शेवटी दोन दिवसांची सहल म्हणून ते उरकू नका.

आमच्या घरापासून सुरुवात करायची असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाकारणी आहे. मळ्यात मारुतीगडाच्या पायऱ्यांशी विचारा, सुताराचे घर कोणीही दाखवील. दोन शिड्या आहेत, त्यातली लांब शिडी वडिलांची, अजून मजबूत आहे. सकाळी आठच्या आत या. नंतर कौले तापतात आणि वर पाय ठेववत नाही.

तुमची,
मळ्यातली एक रहिवासी